रोममध्ये एक दिवस उरलाय: ओस्तिया की कॅटाकोम?

कोलोसियम झालं, व्हॅटिकनच्या रांगेत पायांचे तुकडे पडले, त्रेव्हीच्या कारंज्यात नाणंही टाकून झालं. आता एक दिवस शिल्लक आहे आणि जुनं रोम बघायचंय, पण सेल्फीवाल्यांच्या गर्दीतून नाही. अशा वेळी दोन नावं पुढे येतात. एक, नदीमुखाजवळचं ओसाड बंदर ओस्तिया आंतिका. दुसरं, जमिनीखालची दफनभुयारं, म्हणजे कॅटाकोम. मी दोन्ही पाहिली आहेत, ओस्तिया आईबरोबर आणि कॅटाकोम एकटीने. पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत सरळ ओस्तियाला. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

ओस्तियाला जाणं अगदी सोपं. मेट्रोच्या बी लाइनवर पिरामिदेला उतरायचं, शेजारच्याच स्थानकातून लोकल पकडायची, अर्ध्या तासात पोचता. शहरातल्या बस-मेट्रोचं साधं तिकीट चालतं. उतरल्यावर पादचारी पूल ओलांडून थोडं चालायचं.

हे रोमचं बंदर होतं, पण आज तिथून समुद्र दिसत नाही. तिबर नदीच्या गाळाने किनारा तीनेक किलोमीटर पुढे ढकललाय. पॉम्पेई एका झटक्यात ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, इथे तसं काही घडलं नाही. व्यापार आटला, मलेरिया आला आणि लोक हळूहळू निघून गेले. त्यामुळे इथे शोकांतिका शोधायला जाऊ नका. इथे दिसतो तो रोजचा संसार: पिठाच्या गिरण्यांची काळ्या लाव्हा दगडाची जाती, कपडे धुण्याचे हौद, संगमरवरी बाकाला ओळीने भोकं पाडलेला सार्वजनिक संडास (मधे आडोसा वगैरे काही नाही, गप्पा मारत बसायचं). खाली दुकानं आणि वर भाड्याच्या खोल्या अशा मजली इमारती पाहून आई म्हणाली, "अगं, ही तर गिरगावातली चाळ!" तिचं काही चुकलं नव्हतं.

त्याच भागात एक खानावळ आहे. दर्शनी बाजूला संगमरवरी कट्टा, त्याच्या खाली भांडी विसळायची टाकी, आत भिंतीवर खाण्यापिण्याच्या जिनसांचं रंगवलेलं चित्र, मागे छोटं अंगण आणि बाक. गल्ल्यावर कोणीतरी नुकतंच उठून आत गेलंय असं वाटतं. आई त्या बाकावरून अर्धा तास हलली नाही.

नाट्यगृहामागचा चौक मात्र चुकवू नका. तिथे जहाजवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि प्रत्येकीसमोर जमिनीवर काळ्यापांढऱ्या मोझाइकची पाटी आहे. कुठे गलबत, कुठे डॉल्फिन, कुठे धान्याचं माप. आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांनी हत्ती काढून घेतलाय. वाचता न येणाऱ्या हमालालाही पेढी सापडावी अशी सोय. आपल्या सोपारा, कल्याण आणि तेरची नावं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत येतात, आणि रोमशी चाललेल्या व्यापारातून आलेला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा कांस्यपुतळा टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. तो आधी पाहिलेला असेल तर या चौकात पाय जरा जास्तच रेंगाळतात.

आता कॅटाकोम. पॅरिससारख्या हाडांच्या भिंती बघायला मिळतील म्हणून जाणार असाल, तर जाऊ नका; इथे दिसतात ते बहुतेक रिकामे कोनाडे. छळापासून वाचायला ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही कथाही खरी नाही. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफनाला बंदी होती. बाहेरची जमीन महाग, आणि खालचा तूफ नावाचा ज्वालामुखीचा खडक खणायला मऊ, पण हवा लागली की टणक होणारा. म्हणून लोक खाली खणत गेले, मजल्यामागून मजले.

इथे स्वतःच्या मर्जीने भटकता येत नाही. गटाबरोबर जायचं, गाइडच्या मागे राहायचं, फोटो काढायचे नाहीत, आणि साधारण अर्ध्यापाऊण तासात परत वर. ओस्तियात भटक्या माणसाचा दिवस जातो, इथे तोच माणूस चिडतो. पण एक गोष्ट इथेच कळते. भिंतीतले कोनाडे नीट बघा: कितीतरी हातभर लांबीचे आहेत. ती बाळांची थडगी. काहींच्या कडेला, गिलावा ओला असताना दाबून बसवलेल्या दिव्याची किंवा काचेच्या तुकड्याची खूण आहे. शिलालेख परवडत नसे, मग अंधारात आपलं थडगं ओळखायचं कसं? तिथे माझा गट पुढे गेला आणि गाइडला मला हाक मारावी लागली.

त्यातही कुठलं निवडायचं? नावाजलेलं आहे आप्पिया रस्त्यावरचं सान कालिस्तो. तिसऱ्या शतकातल्या पोपांची दफनखोली दे रोस्सी या संशोधकाने १८५४ मध्ये तिथेच शोधली. अर्थात बसभरून गट येतात. दोमितिल्लात जमिनीच्या पोटात अख्खं चर्च आहे. मी मात्र प्रिसिला निवडेन. ते शहराच्या उत्तरेला, सालारिया रस्त्यावर, नेहमीच्या वाटेपासून दूर आहे. तिथल्या छतावर मांडीवर बाळ घेतलेल्या मेरीचं तिसऱ्या शतकातलं चित्र आहे, आणि मेरीच्या सर्वांत जुन्या चित्रांत ते धरलं जातं.

थोडक्यात अपवाद असे. जुलै-ऑगस्टची दुपार असेल तर ओस्तियात सावली फार कमी, आणि भुयारात पंधरा-सोळा अंश. तेव्हा खाली जा, शाल घेऊन. बंद जागेत जीव घाबरत असेल किंवा बरोबरच्यांचे गुडघे जिने झेपण्यातले नसतील, तर कॅटाकोमचा विचार सोडा. ओस्तियातही रस्ते खडबडीत दगडांचे आहेत, पण हवं तिथे बसता येतं. मुलं बरोबर असतील तर संडासाच्या बाकासमोर तुमचा वेळ मजेत जाईल.

आणि उरलेला दिवस सोमवार असेल तर वादच मिटला. ओस्तिया बंद, प्रिसिलाही बंद. मग निमूट सान कालिस्तोला जायचं. ते बंद असतं बुधवारी.