कापड, चर की खाण: माळावर भव्य कलाकृतीला परवानगी देण्याआधी

मोकळ्या माळावर किंवा तळ्यावर भव्य कलाकृती उभारायचा प्रस्ताव समोर आहे आणि हो की नाही ते तुम्हाला ठरवायचंय. अशा वेळी ती सुंदर दिसेल का, हे मी सगळ्यात शेवटी विचारेन. पहिला प्रश्न असा: ती गेल्यावर जमिनीवर काय उरणार?

दोन टोकं शेजारी ठेवून पाहा. 1976 साली क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरून समुद्रापर्यंत पांढऱ्या नायलॉनचं कुंपण नेलं. लांबी 39 किलोमीटर, उंची साडेपाच मीटर. त्यासाठी 59 पशुपालकांची संमती घेतली, 18 जाहीर सुनावण्या झाल्या आणि पर्यावरणावरच्या परिणामांचा 450 पानी अहवाल तयार झाला. कुंपण 14 दिवस उभं राहिलं, मग सगळं उतरवलं गेलं. याउलट शिल्पकार मायकेल हायझरने 1969 मध्ये अमेरिकेतल्याच नेवाडात पठाराच्या कडेला समोरासमोर दोन चर खोदले, त्यासाठी 2,40,000 टन खडक हलवला. ती जखम आजही तिथे आहे. तिथे उभं राहून माणसाला आपलं खुजेपण जाणवत असेल, मी ते नाकारत नाही. पण फोडलेला कडा कुणालाच परत जोडता येत नाही, म्हणून माझं मत कापडाला.

तात्पुरतं म्हणजे निर्धोक मात्र नव्हे. क्रिस्टो आणि जान-क्लोद यांचाच कोलोरॅडोतला दरीवरचा पडदा 1972 मध्ये 28 तासांतच सोसाट्याच्या वाऱ्यामुळे उतरवायला घ्यावा लागला. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची एक अवाढव्य छत्री वाऱ्याने उपटली आणि तिच्यामुळे एका महिलेचा जीव गेला. वाऱ्याचा हिशोब कागदावर मागून घ्या.

दुसरा प्रश्न गर्दीचा, आणि मला तो कलाकृतीपेक्षाही मोठा वाटतो. इटलीतल्या इझेओ तळ्यावर 2016 मध्ये क्रिस्टोच्या तरंगत्या वाटांवरून चालायला 16 दिवसांत सुमारे 12 लाख लोक आले. न्यू मेक्सिकोत शिल्पकार वॉल्टर डी मारियाचे 400 पोलादी खांब 1977 पासून उभे आहेत, पण तिथे एका वेळी सहाच माणसं मुक्कामाला जाऊ शकतात. खांब कायमचे आहेत, तरी तो माळ पायांखाली तुडवला जात नाही. टिकाऊ काम आणि मोजकी माणसं, ही जोडी मला मान्य आहे.

तिसरा पर्याय फार कमी लोकांच्या डोक्यात येतो: आधीच ओरबाडलेली जमीन. फिनलंडमध्ये कलाकार अ‍ॅग्नेस डेनिस यांनी रेती-खडीच्या जुन्या खाणीवर डोंगर रचून घेतला आणि 1992 ते 1996 दरम्यान 11,000 माणसांनी त्यावर 11,000 झाडं लावली. इथे बिघडवायला काही उरलंच नव्हतं, उलट जमीन सावरली. असा प्रस्ताव आला तर मी बिनदिक्कत हो म्हणेन.

माझ्या मताविरुद्ध जाणारं एक उदाहरण मला अस्वस्थ करतं. हायझरचंच ‘सिटी’ हे माती-खडक खोदून, रचून केलेलं नेवाडातलं प्रचंड काम. 2015 मध्ये त्याच्या भोवतालचा विस्तीर्ण प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाला, आणि त्या घोषणेत ‘सिटी’चाही उल्लेख आहे. म्हणजे खोदकामाने कधी कधी बाकीची जमीन वाचवायला हातभार लावला. तरीही त्या आशेवर अस्पर्श जागा खोदायला मी परवानगी देणार नाही. संरक्षणाचा आदेश आधी हातात पडू दे, यंत्रं नंतर येऊ देत. आणि काम तात्पुरतं असेल, तर ते उतरवून जागा पूर्ववत करण्याचा खर्च पहिला खांब रोवण्याआधीच अनामत म्हणून जमा करून घ्या.