बारबेल की फोर्स प्लेट? म्हणजे स्ट्रेंग्थ कोच व्हावं की स्पोर्ट्स सायंटिस्ट?
अमेरिकेत डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वोच्च श्रेणी) कॉलेजातल्या, खेळाडूंची ताकद वाढवणाऱ्या स्ट्रेंग्थ कोचचा दिवस बहुधा पहाटेच सुरू होतो: स्क्वॉट, शिट्टी, आरडाओरडा. अप्लाइड स्पोर्ट्स सायंटिस्टही त्याच जिममध्ये असतो, पण फोर्स प्लेटजवळ, म्हणजे पायांचा जमिनीवरचा जोर मोजणाऱ्या पाटाजवळ. खेळाडू उडी मारतो; हा उंचीबरोबरच जमीन सोडायला लागलेला वेळही बघतो. उंची तीच पण वेळ वाढला, तर पाय थकले असावेत. मुरलेल्या कोचला हे नजरेनंही कळतं म्हणा, पण शंभरेक जणांच्या अमेरिकन फुटबॉल संघात नजर किती पुरणार?

कोचसाठी एनएससीए या स्ट्रेंग्थ कोचिंगच्या अमेरिकी संघटनेचं सीएससीएस प्रमाणपत्र, सायंटिस्टसाठी तिचंच सीपीएसएस. शिवाय आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर उत्तमच. तरी बारबेलजवळ काही वर्षं काढल्याशिवाय लॅपटॉपकडे वळू नये, असं मला वाटतं. हेड कोचला आलेखांत रस नसतो, तो एवढंच विचारतो, "आज याला किती पळवू?"