रेकॉर्डिंगचा डबा: भाड्याचा की विकतचा?

अमेरिकेत केबलची जोडणी घेतली की कंपनी टीव्हीचे कार्यक्रम साठवून ठेवणारा रेकॉर्डिंगचा डबा भाड्याने देते. आमच्याकडे तो चार वर्षे होता. दरमहा 15 डॉलर, म्हणजे एकूण 720 डॉलर भरूनही तो अखेर परत करावा लागला आणि स्थानिक वाहिनीवर दाखवलेला मुलीच्या शाळेचा कार्यक्रमही त्याच्याबरोबर गेला.

त्यानंतर आम्ही टिवो कंपनीचा असाच रेकॉर्डिंगचा डबा विकत घेतला. त्याची कार्यक्रमसूची सुटसुटीत आहे आणि रिमोटवरच्या हिरव्या-लाल अंगठ्यांनी आवडनिवड सांगण्याची सोय आमच्या आईलाही लगेच जमली. मात्र डब्याच्या किमतीवर सेवाशुल्क वेगळे पडत असे, आणि एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या ‘आजीवन’ सेवेतले आयुष्य डब्याचे असे, घेणाऱ्याचे नव्हे, हे पैसे भरण्यापूर्वी नीट वाचावे लागे. विकतच्या डब्यावर केबलच्या वाहिन्या दिसण्यासाठी लागणारे, केबल कंपनीकडून मिळणारे केबलकार्ड डब्याशी जुळवून घ्यायला आम्हाला तंत्रज्ञ दोनदा बोलवावा लागला. त्यातच 2020 मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, केबल कंपन्यांवरची ही कार्डे पुरवण्याची सक्ती उठवली.

त्यामुळे केबलच पाहायची असेल, तर कुरकुर करत का होईना, भाड्याचाच डबा घ्यावा. छतावरच्या अँटेनावर फुकट वाहिन्या पाहणाऱ्यांना कार्डाची गरजच नसल्याने, त्यांच्यासाठी मात्र टिवोचे अँटेनावर चालणारे मॉडेल विकत घेणे सोयीचे होते; पण 2025 मध्ये टिवोने डबे विकणेच थांबवले.