सप्लाय चेनचा १२ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: इन्व्हेंटरी मस्त शिकवतात, लीड टाइम मात्र घाईत उरकतात

कोर्स संपून महिना झाला, मुद्दाम थांबले होते कारण सर्टिफिकेट हातात आल्याच्या आनंदात लिहिलेला रिव्ह्यू कुणाच्या कामाचा नसतो. माझं शिक्षण कॉमर्समधलं, प्लॅनिंगमधे नोकरी हवी होती आणि सप्लाय चेन म्हणजे ट्रक आणि गोडाऊन एवढंच डोक्यात होतं. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय.

सगळ्यात आधी बीअर गेमबद्दल, कारण त्या एका सेशनसाठी सुद्धा मी हा कोर्स पुन्हा करेन. हा गेम अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या सुमारास तयार झाला. चौघं जण असतात, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डर पुढे पाठवायची आणि माल यायला दोन-तीन आठवडे लागतात. मी होलसेलर होते. सुरुवातीला सगळं शांत, मग एकदम ऑर्डर वाढल्या, माझ्याकडचा माल संपला, मी घाबरून दुप्पट मागवलं, तरी आलं नाही म्हणून अजून मागवलं, आणि मग तो सगळा माल एकदम येऊन पडला आणि पुढचे कित्येक आठवडे मी एक पेटीसुद्धा मागवली नाही. शेवटी सरांनी गिऱ्हाइकाची खरी मागणी दाखवली. आठवड्याला ४ पेट्या होती ती एकदाच ८ झाली आणि शेवटपर्यंत ८ च राहिली! आम्ही सगळे गिऱ्हाइकाला दोष देत होतो आणि गोंधळ पूर्ण आमचाच होता. यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, गिऱ्हाइकाच्या मागणीतला छोटा बदल फॅक्टरीकडे जाता जाता मोठा होत जातो. त्याची व्याख्या मी आधी दहा वेळा वाचली होती, पण कळला तो त्या दिवशी.

इन्व्हेंटरीचं म्हणजे साठ्याचं गणितही फार छान घेतलंय. ईओक्यूचा (एका वेळी किती माल मागवला तर खर्च सगळ्यात कमी येतो त्याचा) फॉर्म्युला १९१३ सालचा, फोर्ड हॅरिसचा, तो सगळेच कोर्स शिकवतात, पण इथे त्याच्याशी खेळायला लावतात. वर्षाला १२०० नग लागतात, एकदा ऑर्डर द्यायचा खर्च १०० आणि एक नग वर्षभर ठेवायचा खर्च ६ असं धरलं तर उत्तर येतं २०० नग. मग विचारतात, २०० च्या ऐवजी ३०० मागवले तर? एक्सेलमधे करून बघितलं, ऑर्डर आणि साठवण मिळून वर्षाचा खर्च १२०० चा १३०० झाला. म्हणजे दीडपट माल मागवूनही खर्च ८ टक्क्यांच्या आसपासच वाढला. त्यामुळे सप्लायर म्हणाला की पूर्ण पॅलेटच (फळीवर रचलेला अख्खा गठ्ठाच) घ्या, तर दरवेळी भांडत बसायची गरज नाही हे माझं मलाच कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. सेफ्टी स्टॉकचंही (अडचणीसाठी जास्तीचा ठेवलेला माल) तसंच, ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलवरून (माल न संपण्याची शक्यता) ९९ वर जायचं तर ४ टक्क्यांसाठी सेफ्टी स्टॉक साधारण ४० टक्के वाढवावा लागतो, आणि हे पाहिल्यावर "आम्हाला स्टॉकआउट (माल संपणं) अजिबात नको" म्हणणाऱ्या सेल्सच्या माणसाला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

आता तक्रार. लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ, कमी-जास्त होतो या विषयाला अख्ख्या कोर्समधे फक्त ११ मिनिटं दिलीत. उदाहरण देते म्हणजे मी एवढी का चिडलेय ते कळेल. रोजची मागणी १०० नग, त्यातला चढउतार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २०, आणि माल यायला बरोबर ९ दिवस लागतात असं धरलं तर ९५ टक्क्यांसाठी सेफ्टी स्टॉक लागतो ९९ नग. आता तेच ९ दिवस सरासरी धरा आणि त्यात ३ दिवसांचं डेव्हिएशन टाका. आकडा थेट ५०५ वर जातो! पाचपट!! मागणीचं डेव्हिएशन अर्धं केलं तरी तो आकडा फारसा हलत नाही, म्हणजे सप्लायर वेळेवर येणं हे फोरकास्ट सुधारण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. हे मला कोर्समधे नाही, नंतर स्वतः शीट करत बसल्यावर सापडलं. आणि वाईट याचं वाटतं की २०२१ च्या मार्चमधे एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं होतं त्यावर यांनी जवळजवळ पूर्ण आठवडा घालवलाय, नकाशे, व्हिडिओ सगळं आहे, पण ती गोष्ट या फॉर्म्युल्याला जोडलीच नाही. जोडली असती तर तोच सगळ्यात चांगला आठवडा झाला असता.

इन्कोटर्म्स २०२० चे (आंतरराष्ट्रीय व्यापारात मालाचा खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची ते ठरवणारे) अकरा नियम नीट आणि थोडक्यात घेतलेत, कंटेनरच्या मालाला एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची) का वापरू नये आणि एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतच) का वापरावं हे तर खूप स्पष्ट सांगितलंय. वेअरहाउसचा भाग ठीकठाक.

दुसरी तक्रार डेटाची. असाइनमेंटमधला डेटा इतका स्वच्छ असतो की विचारू नका. नोकरीत एकच आयटम तीन वेगळ्या कोडने पडलेला असतो, कुठे नगात तर कुठे बॉक्समधे, आलेल्या मालाची तारीख दुसऱ्या दिवशी टाकलेली, आणि आधी दोन दिवस ते साफ करण्यात जातात. पॉवर क्वेरी, पिव्होट आणि लुकअप ही एक्सेलमधली साधनं मी बाहेरून शिकले. जाहिरातीत "प्लेसमेंट असिस्टन्स" लिहिलंय, प्रत्यक्षात जॉब साइटच्या लिंक्सची एक फाइल येते, त्या आशेवर फी भरू नका.

नोकरी मला लागली, ज्युनिअर डिमांड प्लॅनर (मागणीचा अंदाज बांधणारी) म्हणून. इंटरव्ह्यूमधे सर्टिफिकेट कुणी बघितलं नाही, विचारलं की गोडाऊन भरलेलं आहे तरी ऑर्डर अडकतात, तुम्ही काय बघाल? मी म्हटलं आधी आयटमवार बघेन, कुठला माल पडून आहे आणि कुठला संपलाय, मग संपलेल्यांचा लीड टाइम सप्लायरवार काढेन, आणि माझी ती ९९ आणि ५०५ वाली शीट उघडून दाखवली. पुढची वीस मिनिटं त्या शीटवरच बोलणं झालं.

एक्सेल अगदीच येत नसेल तर आधी महिनाभर ते शिका मगच हा कोर्स घ्या, नाहीतर पाचव्या आठवड्यात सुटेल. आणि व्हिडिओ राहिले तर नंतर बघता येतात पण बीअर गेमचं सेशन लाइव्हच असतं, ते चुकवू नका. लीड टाइमचा भाग वाढवा असं मी फीडबॅकमधे उदाहरणासकट लिहून पाठवलंय, पुढच्या बॅचला बघू असं उत्तर आलंय, बदल केला तर इथे येऊन अर्धा स्टार वाढवेन.