पोचणं आणि निघणं, एकाच घडीतून

रोमान्स भाषांच्या, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश वगैरे लॅटिनच्या लेकींच्या, व्युत्पत्तीचा हा ऑनलाइन कोर्स. पैसे वसूल झाले ते एकाच धड्यात. तो धडा लॅटिन ‘प्लिकारे’चा, म्हणजे घडी घालणे. फ्रेंच ‘प्लिए’ आणि इटालियन ‘पिएगारे’ अजून घड्याच घालताहेत. पण स्पॅनिश ‘येगार’ आणि पोर्तुगीज ‘शेगार’ म्हणजे पोचणे, तर रुमानियन ‘प्लेका’ म्हणजे चक्क निघणे! नेहमीचं स्पष्टीकरण असं की खलाशी बंदरात आल्यावर शिडं गुंडाळतात आणि सैनिक तळ सोडताना तंबू. गाशा गुंडाळणाऱ्या आपल्याला रुमानियन अर्थ लगेच पटतो. (शिडांची गोष्ट मला जरा जास्तच गोड वाटते.) शब्दारंभीच्या ‘प्ल’चं काय झालं, तेही छान उलगडलंय: लॅटिन ‘प्लोरारे’, स्पॅनिश ‘योरार’, पोर्तुगीज ‘शोरार’. तिन्हींत रडणंच.

रडावंसं वाटलं ते स्वाध्याय पाहून. नुसत्या जोड्या लावा, त्याही त्याच त्याच. ध्वनिफिती यांत्रिक आवाजातल्या, आणि रुमानियनला तर तोही नाही. ‘प्लेका’त जोर शेवटच्या अक्षरावर येतो, हे मला दुसरीकडे शोधावं लागलं. पाचपैकी साडेतीन तारे.