मूलकण, पृष्ठभाग की मुलांची वाढ: सोलापुरात राहून संशोधनाचा विषय निवडताना

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की पीएच.डी.च्या विषयाबद्दल विचारतात. नेट-सेट, फेलोशिप, कोणत्या गाईडकडे जागा आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, म्हणून ते सोडून देतो. मी तीन ठिकाणी हात घातलाय. एम.एस्सी.चं डेझर्टेशन, म्हणजे छोटा प्रबंध, कणभौतिकीत (मूलकणांच्या अभ्यासात) केलं. मग प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काचेवरच्या रेणूंच्या थरांवर काम केलं. आता स्वमग्नता, एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न टिकणं), उशिरा बोलणं अशा लहान मुलांच्या मेंदूविकासाच्या प्रश्नांवरच्या एका अभ्यासात आकडेवारीची बाजू सांभाळतो. घरच्या जबाबदारीमुळे ज्यांना सोलापूर सोडता येत नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

सुरुवात करायला कणभौतिकी सगळ्यात सोपी, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने 2014 मध्ये आपल्या सीएमएस प्रयोगाचा, म्हणजे कणांच्या टकरींच्या नोंदींचा, डेटा सगळ्यांसाठी खुला केला. साधा लॅपटॉप आणि थोडं पायथॉन येत असलं की पुरे. टकरीतून निघणाऱ्या म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) कणांच्या दोन-दोनच्या जोड्या घ्यायच्या, त्यांचं एकत्रित वस्तुमान काढायचं आणि हिस्टोग्राम टाकायचा. 3.1 जीईव्हीला (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) जे-साय या कणाचं टोक वर येतं, 9.5 च्या आसपास अप्सिलॉन हा कण दिसतो आणि पार पुढे 91 ला झेड कणाचा उंचवटा. पुस्तकात वाचलेला कण आपल्या स्क्रीनवर, आपल्या कोडमधून उभा राहिलेला बघणं हा आनंद मला दुसऱ्या कुठल्याही विषयाने दिला नाही. डेझर्टेशनसाठी मी आजही हाच विषय सुचवतो.

पीएच.डी.चा प्रश्न आला की गणित बदलतं. सर्नच्या 27 किलोमीटर घेराच्या यंत्रावरचं काम शेकडो संस्था मिळून करतात. हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या संयुक्त पेपरला 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी मूळ पेपर नऊ पानांचा, बाकी नावं आणि संस्था. एवढ्या मोठ्या कामाला एवढे हात लागणारच, त्यात गैर काही नाही. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संशोधन संस्था तिथे मनापासून काम करतात. पण ताजा डेटा हवा तर अशा एखाद्या संस्थेत जाऊन राहावं लागतं. ज्यांना जाता येतं त्यांनी खुशाल जावं.

पृष्ठभागाचं काम, म्हणजे काचेसारख्या वस्तूवर बसवलेल्या पातळ थरांचा अभ्यास, त्या मानाने आपल्याकडे रुजलेलं आहे. बीकर, हॉटप्लेट, स्प्रेचा सेटअप एवढ्यावर थिन फिल्म (अतिपातळ थर) तयार होते, आणि शेजारी कोल्हापूरला या विषयाची जुनी परंपरा आहे. माझं काम सायलेन (काचेला चिकटणारे सिलिकॉनयुक्त) रेणूंचा एकेरी थर काचेवर बसवायचं होतं. थर नीट बसला की पाण्याचा थेंब पसरत नाही, मण्यासारखा गोल उभा राहतो. त्याचा कोन मोजायला मोबाईलचा कॅमेराही चालतो. इथवर मला हा विषय फार आवडत होता.

माझं घोडं अडलं ते एक्सपीएसपाशी, म्हणजे क्ष-किरण टाकून पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणाऱ्या उपकरणापाशी. ते उपकरण सोलापुरात नव्हतं. बाहेरच्या एका केंद्रात नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि तारखेची वाट बघायची. या वाट बघण्यातच सगळं बिघडतं. उघड्या हवेत कुठलाही स्वच्छ पृष्ठभाग स्वच्छ राहत नाही. हवेतली कार्बनी संयुगं काही तासांत त्यावर बसायला लागतात. एक्सपीएस बघतं तेच मुळी वरचे फार तर दहा नॅनोमीटर, त्यामुळे एक-दोन नॅनोमीटरची ही पुटंही ठळक दिसतात. मी काच डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद डब्यात) ठेवून, डबा मांडीवर धरून हुतात्मा एक्स्प्रेसने नेत असे. रिपोर्टमध्ये 284.8 इलेक्ट्रॉन व्होल्टला कार्बनचं भलंमोठं टोक यायचं. माझा रेणूसुद्धा कार्बनचाच. त्या टोकातला माझा कार्बन किती आणि हवेतला किती, हे कसं सांगायचं? त्यात भर म्हणजे या हवेतल्या कार्बनचं टोक प्रमाण धरूनच बाकीची टोकं जुळवायची पद्धत आहे, आणि ती पद्धत बरोबर की चूक यावर जाणकारांतही वाद आहे.

यावर उपाय आहे. थर जिथे बनवायचा, त्याच बंद निर्वात नळीतून सॅम्पल उपकरणात सरकवायचं. तेही साधं व्हॅक्यूम चालत नाही. दाब 10⁻⁶ टॉर (हवेच्या दाबाचं एकक) असेल तर अवघ्या सेकंदभरात पृष्ठभागावर रेणूंचा अख्खा थर बसू शकतो, म्हणून 10⁻¹⁰ पर्यंत उतरावं लागतं. पृष्ठभागांवरच्या रासायनिक क्रियांचा अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांना 2007 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच काटेकोर कामावर. तशी सोय असलेल्या प्रयोगशाळेत ज्याला जागा मिळतेय त्याला माझी अडचण येणार नाही, आणि त्याने हा विषय जरूर घ्यावा. मला मात्र ज्या पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तोच कधी हाती लागला नाही, आणि माझ्या मनात निकाल तिथेच लागला.

मुलांच्या वाढीच्या अभ्यासात नेमकं याच्या उलट आहे. इथे जे अभ्यासायचं ते आपल्याच गावात आहे, आणि बाहेरच्याला ते सहज कळणारं नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत पाच ठिकाणची 2 ते 9 वर्षांची मुलं तपासली होती: कांगडा, पलवल, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद. 6 ते 9 वयाच्या मुलांत नऊ अडचणींपैकी किमान एक असण्याचं एकत्रित प्रमाण 13.6 टक्के आलं. महाराष्ट्रातलं एकही ठिकाण त्यात नव्हतं. आणि सोलापूर म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत. शहराच्या पूर्व भागातलं मूल घरी आजीशी तेलुगू बोलतं, दारात मराठी. प्रश्नावली मराठीत आणि शब्द मोजले फक्त मराठी, तर धडधाकट मूलही मागे पडलेलं दिसेल. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजावे लागतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समजही खरा नाही, पण तो घरोघरी इतका पक्का आहे की खरोखर अडचण असलेल्या मुलालाही "बोलेल की मोठा झाल्यावर" म्हणून थांबवून ठेवतात.

प्रश्न विचारण्यातही खुबी आहे. पूर्व भागातली एक आई सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत बसली होती. "बोट दाखवतो का?" असं विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "हो की, बिस्किटाचा पुडा पाहिजे असला की दाखवतो." कागदावर "हो" एवढंच लागलं असतं. सोबतच्या ताईंनी पुढे विचारलं, "आभाळात विमान दिसलं तर, तुम्हीही बघावं म्हणून दाखवतो का?" तिचे हात थांबले. जरा वेळाने म्हणाली, "नाही. तसं कधी नाही." काही हवं म्हणून बोट दाखवणं आणि आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दाखवावं म्हणून बोट दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वमग्नतेच्या चाळणीत दुसरीला फार महत्त्व असतं. एवढ्याने निदान होत नाही, पण पुढच्या तपासणीला पाठवायचं की नाही ते यावरून ठरतं.

फिजिक्सवाल्याचं इथे काय काम, असं विचारतात. भरपूर आहे. ईईजीत (मेंदूतल्या विद्युत संकेतांच्या नोंदीत) पापणी लवली की मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठी लाट येते. एमआरआयमध्ये मुलाचं डोकं मिलिमीटरच्या अंशाइतकं हललं तरी मेंदूच्या भागांमधली जोडणी बदलल्याचा भास होतो, हे 2012 च्या सुमाराला एकापाठोपाठ आलेल्या पेपरांनी दाखवलं. चंचल मुलं जास्त हलणारच, त्यामुळे आजाराची खूण कोणती आणि नुसती हालचाल कोणती, याची गल्लत होते. झेडच्या उंचवट्याखालची पार्श्वभूमी वजा करायला शिकलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो.

त्रास इथेही आहे, आणि तो आधीच माहीत असावा. हे काम एकट्याने होत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसशास्त्राचा सहगाईड लागतो. पालक मध्येच यायचे थांबतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमांप्रमाणे पालकांची संमती तर लागतेच, शिवाय 7 ते 12 वयाच्या मुलाचा तोंडी आणि 12 ते 18 च्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो. मूल "नको" म्हणालं की त्या दिवशीचं काम तिथेच थांबतं, आणि थांबायलाच हवं. वेळ जातो, पण काचेवर पुटं चढत असताना तारखेची वाट बघण्यापेक्षा मला हे सुसह्य वाटतं. तुमचा स्वभाव वेगळा असू शकतो.

या बाजूला यायचं ठरवलंत तर सिनॉप्सिस (पीएच.डी.चा आराखडा) लिहिण्याआधी, माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्या, आणि प्रश्नावलीचे तेलुगू व कन्नड मसुदे त्या भाषा घरी बोलणाऱ्या आयांना वाचून दाखवायला दोन-तीन महिने वेगळे ठेवा.