गाडी उभी असताना: एसी चालू ठेवू की काचा खाली करू?

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बायको खारे बांगडे घ्यायला गेली की मी गाडीत घाम पुसत बसतो आणि दर वेळी हाच प्रश्न. इंजिन चालू ठेवून एसी लावला तर गारेगार, पण गाडी जागची न हलता पेट्रोल पीत राहते, तासाला लिटरच्या आसपास धरा, आणि मागच्या फुलवाल्या मावशींच्या तोंडावर धूर जातो ते वेगळंच. इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली तर एसी नाही हां, कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणून नुसता पंखा कोमट वारा मारतो आणि बॅटरी उतरते, माझी उतरलीय एकदा, भर बाजारात धक्का मारायला लावला लोकांना. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना ही कटकट नाही.

काचा खाली करून माडाच्या सावलीत बसणं फुकट, पण मे महिन्यात दमटपणा इतका की शर्ट पाठीला चिकटतो, पावसात तर काच उघडायचीच सोय नाही. तरी दहा मिनिटांसाठी मी सावलीच घेतो, सोबत लहान मूल असेल तर सरळ एसी. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन अजिबात नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो.